ब्रेक ऑइल बदललं म्हणून २,०८० रुपये घेतले, जुनं ऑइल काढायच्या निपलच्या टोपीला हातसुद्धा लावला नाही

भावांनो, बाईक सर्व्हिसिंगला टाकणार असाल तर आधी हे वाचा, डोकं अजून गरम आहे म्हणून सरळच लिहितो.

बिल असं: ब्रेक ऑइल ४८०, ब्रेकच्या पाइपमधली एअर काढायची लेबर ९५०, एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) स्कॅनिंग ६५०. एकूण २,०८०. आणि केलं काय, तर काहीच नाही, आत जुनंच ऑइल.

मला यातलं काही कळत नव्हतं असंही नाही. मॅन्युअलमध्ये दोन वर्षांनी बदला लिहिलंय, माझी गाडी त्याच्या पुढं गेलेली, त्यात आपल्याकडचा पाऊस, म्हणून मीच सांगून बदलायला लावलं. माझ्या गाडीत डॉट ४ प्रकारचं ब्रेक ऑइल लागतं, ते हवेतलं पाणी ओढून घेतं. नवीन असताना ते निदान २३० डिग्रीपर्यंत उकळत नाही, पण पाणी मुरलं की तेच १५५ च्या आसपास उकळायला लागू शकतं. किलोमीटर कमी झालेत म्हणून थांबू नका, उभ्या गाडीतपण पाणी मुरतंच.

डिलिव्हरी घेताना मागच्या कॅलिपरजवळ (चाकाजवळचा ब्रेक पॅड दाबणारा भाग) वाकून बघितलं, निपलच्या रबरी टोपीवर लाल माती वाळून बसलेली, जशीच्या तशी, साधी चीरसुद्धा नाही. विचारलं मी! सुपरवायझर म्हणाला, "साहेब, एबीएस गाडीत वरनंच मशिननं ओढतोय, टोपी काढायला लागत नाही." गळ्यात कार्ड, हातात टॅब, कंपनीचं सेंटर, त्यात पोराला शाळेतनं आणायची वेळ झालेली, माझ्या जागी कोणीपण विश्वास ठेवला असता. पण ती माती आठवली की अजून जीव जळतो. एबीएस असलं तरी निपल सोडवून, वरनं नवीन ओतत खालनं जुनं काढावं लागतं, पक्कं लक्षात ठेवा.

पुढं आंबा घाट उतरताना, मागं मिसेस बसलेली, वळणावर लिव्हर दाबला तर सरळ मुठीला टेकला. ऑइल उकळून वाफ झाली की असंच होतं, दाब पोचतच नाही. गिअर खाली टाकत टाकत कडेला घेतली म्हणून वाचलो. गाडी गार झाल्यावर लिव्हर परत कडक! उद्यमनगरातल्या मिस्त्रीनं ब्रेक ऑइलच्या डबीच्या झाकणाचे दोन स्क्रू काढले तर आत चहासारखं काळपट ऑइल, तळाला गाळ. त्यानं माझ्यासमोर सीलबंद बाटली फोडून पुढचं मागचं दोन्ही केलं, ४१० रुपयांत. (आधीच उघडलेली बाटली कोणी वापरत असेल तर घेऊ नका, तीपण पाणी ओढते. आणि पेट्रोलच्या टाकीवर सांडलं तर लगेच पाण्यानं धुवा, नाहीतर रंग जातो.)

सेंटरला गेलो तर मॅनेजर म्हणतो जॉब कार्डवर तुमची सही आहे, आणि आता ब्रेक लागतायत की. कस्टमर केअरला फोन केला, तक्रार नंबर दिला आणि मला एक फोनपण न करता 'तक्रार निवारण झाली' असा मेसेज! कोणाचं निवारण झालं? परत केला तर नवीन माणूस, परत पहिल्यापासून सगळं सांगा. चौकीत गेलो तर साहेब म्हणाले दोन हजारासाठी कशाला येताय, ग्राहक मंचात जा. अहो, दोन हजाराचं नाही हे, घाटात दोघं मेलो असतो तर पंचनाम्यात 'चालकाचा ताबा सुटला' लिहून मोकळे झाले असते! आणि वर सगळ्यांचं एकच, जुनं ऑइल पुरावा म्हणून का ठेवलं नाही. तसल्या ब्रेकवर पुरावा घेऊन फिरत बसू का मी?

जुनं ऑइल बाटलीत भरून मागा. काम सुरू असताना व्हिडिओ काढा, आत सोडत नसतील तर गाडी परत घ्या. डॉट ४ च्या गाडीत सिलिकॉनचं डॉट ५ कोणी ओतत असेल तर हात धरा.

जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षं, मी कागद जमवतोय. ज्यांनी अलीकडं ब्रेक ऑइलचे पैसे भरलेत त्यांनी आजच निपलची टोपी बघा, माती तशीच असेल तर फोटो काढा आणि बिल घेऊन मला गाठा, सगळ्यांच्या तक्रारी एकदमच टाकू.