विंडोज टाकायच्या कामाला काय न्यावं: आयएसओ दाखवणारं केसिंग, व्हेन्टॉयची डिस्क की साधा पेनड्राइव्ह?

14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट संपला. तेव्हापासून ठाणे-नवी मुंबईत मशीनची कामं करणाऱ्या आम्हा लोकांच्या बॅगेत एकच आयएसओ (इन्स्टॉलेशन डिस्कची एकाच फाइलमधली हुबेहूब प्रत) ठेवून भागत नाही. नौपाड्यातल्या सीएच्या ऑफिसात विंडोज 11 टाकायचं असतं. वागळे इस्टेटमधल्या वर्कशॉपला विंडोज 7 च लागतं, कारण तिथल्या मशीनला जोडलेल्या कार्डाचा ड्रायव्हर त्यापुढे निघालाच नाही. तुर्भ्याच्या मार्केटमधल्या गाळेवाल्याला जुन्याच पीसीवर लिनक्स मिंट चालेल का ते बघायचं असतं. दर वेळी पेनड्राइव्ह पुसून नव्याने लिहायचा म्हटलं तर निम्मा वेळ त्यातच जातो. म्हणून हे तीन मार्ग शेजारी-शेजारी ठेवून बघतो.

डीव्हीडीचा विचार सोडून द्या. साध्या डीव्हीडीवर 4.7 जीबी मावतात आणि विंडोज 11 ची आयएसओ त्याहून मोठी आहे. शिवाय पावसाळ्यात डिस्कवर बुरशी धरते ती वेगळीच.

रूफससारख्या टूलने बूटेबल केलेला, म्हणजे मशीन ज्यावरून सुरू करता येतं असा, पेनड्राइव्ह सगळ्यांनाच ठाऊक आहे. महिन्याकाठी एखादं मशीन फॉरमॅट मारत असाल तर यापलीकडे काही घेऊ नका. 16 जीबीचा चांगल्या कंपनीचा पेनड्राइव्ह पुरतो. फक्त स्टेशनबाहेर '1 टीबी' म्हणून स्वस्तात मिळतात ते घेऊ नयेत. त्यांच्यात बऱ्याच वेळा खरी जागा अगदीच कमी असते आणि फाइल कॉपी होताना एररही येत नाही. मग ऐन इन्स्टॉलेशनमध्ये 'फाइल करप्ट' म्हणून काम अडतं.

दुसरा मार्ग व्हेन्टॉयचा. एकाच डिस्कवरून अनेक आयएसओ बूट करू देणारा हा प्रोग्राम फुकट आणि मुक्तस्रोत आहे. साध्या सॅटा केसिंगमध्ये (लॅपटॉपची डिस्क यूएसबीला जोडणाऱ्या डबीत) जुन्या लॅपटॉपचा एसएसडी घाला, त्यावर व्हेन्टॉय एकदा इन्स्टॉल करा (तेव्हा डिस्क पूर्ण पुसली जाते, आधी बॅकअप घ्या) आणि पुढे आयएसओ फाइली नुसत्या कॉपी करत जा. बूट केल्यावर यादी येते, हवी ती निवडायची. डिस्कवर आयएसओ ठेवायचं एक मोठं एक्सफॅट पार्टिशन आणि शेवटी व्हेन्टॉयचं स्वतःचं 32 एमबीचं छोटं पार्टिशन, एवढीच त्याची मांडणी असते. पैशाच्या हिशोबात याच्याशी कोणी बरोबरी करू शकत नाही. एक लक्षात ठेवा: व्हेन्टॉय मशीन आणि आयएसओ यांच्या मध्ये बसून काम करतो. त्यामुळे एखाद्या लिनक्सची नवी आवृत्ती आली की कधीकधी व्हेन्टॉय अपडेट करेपर्यंत ती उठत नाही.

तिसरा मार्ग म्हणजे कोरियन आयओडीडीचं किंवा झालमनच्या व्हीई मालिकेतलं केसिंग. बाहेरून ते हार्ड डिस्कचं केसिंगच दिसतं, पण त्यावर छोटा स्क्रीन आणि बटणं असतात. आत 2.5 इंची सॅटा डिस्क बसवायची आणि आयएसओ कॉपी करायच्या. जुन्या मॉडेलांत त्या अंडरस्कोर-आयएसओ नावाच्या फोल्डरमध्येच ठेवाव्या लागतात. केबल लावली की स्क्रीनवर फाइलींची नावं येतात, एक निवडायची. त्या क्षणापासून केसिंगची चिप मशीनला सांगते की मी यूएसबीचा सीडी ड्राइव्ह आहे आणि माझ्यात ही डिस्क घातलेली आहे. बायोसच्या (मशीन चालू होताना सगळ्यात आधी चालणाऱ्या प्रोग्रामच्या) बूट मेनूत खरोखरच सीडी-रॉम दिसतो. मधे कुठलंही सॉफ्टवेअर येत नाही. जी आयएसओ खऱ्या डिस्कवरून बूट झाली असती, ती इथूनही होते.

हा फरक खरा कळतो तो सिक्युअर बूट (ओळखीची सही नसलेलं काही बूट होऊ न देणारी सोय) चालू असलेल्या मशीनवर. व्हेन्टॉयची डिस्क अशा मशीनला पहिल्यांदा लावली की निळा स्क्रीन येतो आणि व्हेन्टॉयची 'की' (त्याची सही ओळखायची किल्ली) एनरोल करायला, म्हणजे मशीनमध्ये नोंदवायला सांगतो. स्वतःच्या मशीनवर हे एकदा केलं की झालं. पण दुसऱ्याच्या लॅपटॉपच्या फर्मवेअरमध्ये आपली की कायमची ठेवून येणं मला पटत नाही. ते टाळायला बरेच जण सिक्युअर बूट सरळ बंद करतात, आणि तिथे खरा धोका आहे. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन) चालू असेल तर पुढच्या वेळी विंडोज 48 अंकी रिकव्हरी की मागतं. आता अनेक नव्या लॅपटॉपमध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केल्यावर एन्क्रिप्शन आपोआप चालू होतं, मालकाला ते माहीतही नसतं. रिटर्न भरायच्या हंगामात सीएच्या लॅपटॉपवर ही रिकव्हरी की मागणारा निळा स्क्रीन आला आणि की कुठल्या खात्यात आहे ते कोणालाच सांगता येईना, तर पुढचं सगळं आपल्यावर येतं. केसिंगमधून मायक्रोसॉफ्टची किंवा उबुंटूची सही असलेली मूळ आयएसओ जशीच्या तशी उठते, त्यामुळे सेटिंगला हात लावावा लागत नाही. माझ्या लेखी केसिंगचे जास्तीचे पैसे वसूल होतात ते याच एका गोष्टीवर. अर्थात आयएसओ ताजी हवी. लिनक्सचे जुने बूटलोडर (सिस्टिम सुरू करून देणारे छोटे प्रोग्राम) रद्द ठरवले गेल्यामुळे काही वर्षांपूर्वीच्या आयएसओ 'एसबॅट'ची (बूटलोडर रद्द झालाय का ते बघणाऱ्या तपासणीची) एरर देऊन मशीन बंद करतात. तिथे केसिंगचाही इलाज नाही.

दुसरी जमेची बाजू इन्स्टॉलरच्या डिस्क यादीत दिसते. 'डिस्क 0' आणि 'डिस्क 1', दोन्ही जवळपास 476 जीबी. एक ग्राहकाची, दुसरी आपलीच व्हेन्टॉयची. घाईत पार्टिशन डिलीट करताना चुकीच्या ओळीवर क्लिक पडलं तर सगळ्या आयएसओ, ड्रायव्हर आणि कोणाचा घेतलेला बॅकअप गेला. केसिंग ओडीडी मोडवर (फक्त सीडी ड्राइव्ह म्हणून दिसेल असं) ठेवलं तर आतली डिस्क यादीत येतच नाही. ड्युअल मोडमध्ये मात्र सीडी आणि हार्ड डिस्क दोन्ही दिसतात, आणि तो मोडही लागतो. इंटेलच्या 11 व्या पिढीपासूनच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये व्हीएमडी (इंटेलचा स्टोरेज कंट्रोलर) चालू असतं आणि इन्स्टॉलरला आतला एसएसडी सापडतच नाही. तेव्हा 'लोड ड्रायव्हर' दाबून रॅपिड स्टोरेजच्या ड्रायव्हरचं फोल्डर दाखवावं लागतं. ते फोल्डर ठेवून द्या, मग तुम्ही कुठलाही मार्ग निवडा.

झेरॉक्सच्या दुकानातल्या पीसीला किंवा शाळेच्या लॅबमध्ये काही लावायचं म्हणजे शॉर्टकट व्हायरस (फाइली लपवून त्यांच्या जागी शॉर्टकट ठेवणारा) ठरलेलाच. केसिंगच्या मेनूत राइट प्रोटेक्ट चालू केलं की समोरच्या मशीनला आपल्या डिस्कवर काहीही लिहिता येत नाही. पेनड्राइव्हमध्ये हा स्विच क्वचितच असतो.

आता केसिंगची उणी बाजू, आणि ती लहान नाही. आयएसओ जशीच्या तशी दाखवणं हाच गुण जुन्या मशीनवर आडवा येतो. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 (सुरक्षेची चिप) आणि इंटेलचा साधारण 8 व्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. टीपीएम 2.0 नसलेल्या किंवा ते बंद असलेल्या जुन्या पीसीवर केसिंगमधून बूट केलं तर इन्स्टॉलर सरळ नकार देतो. रूफस किंवा व्हेन्टॉय ही तपासणी वगळू शकतात. मात्र अशा मशीनला पुढे अपडेट मिळत राहतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. हे ग्राहकाला आधी सांगा, तो तयार असेल तरच टाका. कामं मुख्यतः अशा जुन्या मशीनचीच असतील तर केसिंग घेऊ नका, व्हेन्टॉयच घ्या.

शिवाय केसिंगला आयएसओ डिस्कवर सलग लागते. पुसापुशी झालेल्या डिस्कवर फाइल तुकड्यांत पडली की स्क्रीनवर डीफ्रॅगचा निरोप येतो आणि फाइल उघडत नाही. उपाय सोपा आहे, डिस्क रिकामी करून आधी मोठ्या आयएसओ कॉपी करा. पण हे माणसाला नेमकं ग्राहकाकडे बसल्यावर कळतं. आणि ही वस्तू इथल्या दुकानांत सर्रास मिळत नाही. ऑनलाइन मागवा, बाहेरून येणारी असेल तर कस्टम ड्युटीही धरा. साध्या केसिंगच्या कितीतरी पट पैसे जातात.

आठवड्याला चार-पाच वेगवेगळ्या ऑफिसांत जात असाल आणि मशीन परक्याचं असेल, तर मी केसिंग घ्यायला सांगेन. त्यात फिरती हार्ड डिस्क न घालता एसएसडी घाला. यूएसबी 2.0 पोर्ट 500 मिलीअँपियरच देतो, आणि जुन्या डेस्कटॉपच्या पुढच्या पोर्टवर हार्ड डिस्क फिरायला लागतानाच करंट कमी पडतो. विंडोज 7 टाकताना मात्र पोर्ट 2.0 चाच शोधा, कारण त्याच्या इन्स्टॉलरमध्ये यूएसबी 3.0 चे ड्रायव्हर नाहीत. काळ्या रंगाचा पोर्ट बहुधा तोच असतो.

पासवर्डवालं मॉडेल असेल तर एन्क्रिप्शन विचार करून चालू करा. केसिंग बिघडलं की तीच डिस्क साध्या केसिंगमध्ये घालून वाचता येणार नाही. म्हणून माझ्या बॅगेत केसिंगच्या जोडीला व्हेन्टॉयचा एक 64 जीबीचा पेनड्राइव्ह असतोच, आणि दोन्हीवर त्याच आयएसओ, शा-256 (फाइल तंतोतंत मूळचीच आहे का ते पडताळायचा आकडा) जुळवून बघितलेल्या.