जाळीवाला मिक्सर, अकरा महिन्यांनंतर

पीठ मळायचा, क्रीम फेटायचा जुना मिक्सर गेला त्या दिवशी भांड्यात दीड किलो मैद्याचं ब्रेडचं पीठ होतं. मोटर फिरतेय, आवाज येतोय, पीठ मळणारा हुक मात्र ढिम्म. सर्व्हिसवाल्याने डोकं उघडलं तर ग्रीसमध्ये प्लॅस्टिकच्या गिअरचा चुरा. "मोटर वाचावी म्हणून हा मुद्दाम कच्चा ठेवतात," तो म्हणाला, आणि त्यात खोटं काही नाही. मग त्याची नजर मागच्या ट्रेंच्या रॅककडे गेली. "ताई, घरी वापरता की धंद्याला?" मी खरं बोलले. वॉरंटी तिथेच मेली. कार्डाच्या मागे मुंगीएवढ्या अक्षरात होतं: फक्त घरगुती वापरासाठी. तीन आठवडे फोनवर भांडले. चूक माझीच होती, म्हणून आणखी राग आला. छोटं किचन चालवत असाल तर वॉटबिट नंतर बघा, आधी ही ओळ वाचा.

नवा घेतला तो धंद्यासाठीचा: १० लिटरचा, प्लॅनेटरी (म्हणजे बीटर स्वतःभोवती फिरत भांड्यातही गोल फिरतो), भांडं दांड्याने वर जाणारा, तीन गिअर, आणि हात आत जाऊ नये म्हणून भांड्यावर लोखंडी जाळी. जाळीवर पुढे बरंच बोलणार आहे.

आधी वॉटचं. मेलेल्या मिक्सरवर १२०० लिहिलं होतं, नव्यावर ४५०. घेताना पोटात गोळाच आला. पण तो आकडा मशीन वीज किती खाते ते सांगतो, हुकापर्यंत किती जोर पोचतो ते नाही. घरगुती मिक्सरात बहुधा कार्बन ब्रशची, भन्नाट वेगाने फिरणारी मोटर असते. यात इंडक्शन मोटर आहे आणि वेग धातूच्या गिअरने कमी होतो, म्हणून हुकाला जास्त जोर मिळतो. मोठ्या बेकऱ्यांत चालणारे २० क्वार्टचे, म्हणजे १९ लिटरचे जुने मिक्सर अर्ध्या हॉर्सपॉवरवर चालत आले आहेत. म्हणजे फक्त ३७३ वॉट.

लिटरच्या आकड्यानेही फसू नका. १० लिटरच्या भांड्यात मी २ किलो मैदा आणि १२०० मिली पाणी घालते, पहिल्या गिअरवर. घट्ट, ५० टक्के पाण्याचं (म्हणजे मैद्याच्या वजनाच्या निम्मं पाणी) पीठ असेल तर मैदा दीड किलोवर आणते, नाहीतर मशीन कण्हायला लागतं. उलट अंड्याचा पांढरा फुगून आठपटीपर्यंत जातो, तिथे भांडं मोठं असलेलंच बरं. दुकानदाराला "किती लिटर" विचारू नका, "६० टक्के पाण्याचं पीठ किती किलो" विचारा. उत्तर देता आलं नाही तर दुसरं दुकान.

आता जाळी. उचलली की मशीन बंद. ठीक. पण परत खाली केली की आपोआप सुरू होत नाही, हिरवं बटण पुन्हा दाबायचं. आणि टायमर शून्यावर! आठ मिनिटांच्या फेटणीत तीनदा उघडलं तर मिनिटांचा हिशेब डोक्यात ठेवा. साखर ओतायला एक फट दिलीय, ती इतकी अरुंद की निम्मी साखर जाळीच्या तारांवर. शिवाय रोज रात्री ती जाळी धुवायची, प्रत्येक तारेच्या सांध्यातलं वाळलेलं क्रीम ब्रशने काढत. दुसऱ्याच आठवड्यात मी स्विच फसावा म्हणून फ्रिजवरचं एक चुंबक तिच्या स्विचपाशी चिकटवलं. जाळी उघडी, मशीन चालू, मी खूश. त्या काळात कुणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, बाकी मशीन पैकीच्या पैकी, जाळीने दोन तारे घालवले.

इथपर्यंतचं चौथ्या महिन्यात लिहून ठेवलं होतं. पुढचं आत्ताचं.

पाचव्या महिन्यात तिसऱ्या गिअरवर व्हिस्क फिरत असताना मी कडेचं क्रीम खाली ढकलायला स्पॅच्युला घातला. खाट्कन आवाज. स्पॅच्युलाचं टोक तुटलं, व्हिस्कच्या तीन तारा वाकल्या, अडीच लिटर क्रीम कचऱ्यात. बोटं वाचली म्हणून सगळ्यांनी हुश्श केलं. मी तिथल्या तिथे व्हिस्क, स्पॅच्युला आणि क्रीमची बेरीज करत होते. चुंबक त्याच संध्याकाळी फ्रिजवर परत गेलं.

आणि गंमत अशी की नंतर केक सुधारले. बटर-साखर फेटताना मशीन थांबवून तळ खरवडावा लागतोच, मी आळसाने ते टाळत होते. तळाशी राहिलेल्या बटरचा दोष मात्र बीटरला देत होते. बीटर तपासण्यासाठी एक धुतलेलं नाणं कोरड्या भांड्याच्या तळाशी टाकून पहिल्या गिअरवर फिरवून पाहिलं. नाणं जरासं सरकत होतं, म्हणजे अंतर बरोबर होतं. आता साखर घालायला जाळी उघडतेच आहे, तर हातासरशी खरवडून घेते. टायमरसाठी भिंतीवर वेगळं घड्याळ लावलंय. फटीवरचा राग कायम आहे.

एक खरी खोड सांगते. चार दिवस बंद ठेवलं की ग्रीसमधलं तेल सुटून बीटरच्या दांड्यावरून उतरतं. पांढऱ्या क्रीममध्ये करडी रेघ दिसली तेव्हा हबकलेच होते. सुट्टीनंतर आता रिकामं मशीन दोन मिनिटं जोरात फिरवते, दांडा पुसते, मगच भांडं चढवते.

उन्हाळ्यात पीठ तापतं, कारण घर्षणाची उष्णता. मी असा हिशेब करते: पीठ २६ अंशाला हवं तर २६ गुणिले ३, म्हणजे ७८. त्यातून खोलीचे ३१, मैद्याचे ३० आणि माझ्या मशीनच्या घर्षणाचे १२ वजा. उरले ५, म्हणजे ५ अंशाचं पाणी. हे १२ आधी एका घाण्याच्या मापावरून काढले, तुमच्या मशीनला वेगळे येतील. निव्वळ ब्रेडच करायचा असेल तर हा मिक्सर घेऊच नका, भांडंही फिरणारा स्पायरल घ्या, पीठ कमी तापतं. मला क्रीमही लागतं, म्हणून हा.

दुसरं भांडं मात्र पहिल्याच दिवशी मागून घ्या. मी कंजूषपणा केला आणि सहा महिने प्रत्येक घाण्यानंतर भांडं घासायला थांबले.

वाकलेल्या तारा पक्कडीने सरळ केल्या. त्या व्हिस्कने अंड्याचा पांढरा नीट उभा राहत नाही, पातळ बॅटर मात्र फेटून होतं. टाकलेला नाही.