पहिलं हॉरर शूट: रात्री गढीवर का दिवसा माळवदात?

हॉरर शॉर्टफिल्म करायची म्हणलं की कॉलेजातल्या कुठल्याबी टीमचं पहिलं वाक्य ठरलेलं, "गढीवर रात्री शूट करू." पडकी भिंत, वर उगवलेला पिंपळ, भाडं शून्य. दुसरा ऑप्शन कुणी मनावरच घेत नाही, गावातलं जुनं माळवदाचं घर, म्हणजे सपाट मातीच्या छताचं, आणि तेबी भर दिवसा, खिडक्या बंद करून. माझं मत आधीच सांगतो, पहिल्यांदा डिरेक्शन करत असाल तर माळवद घ्या. का ते बघा.

उजेडाचं आधी. गढी डोळ्याला भारी दिसती, कॅमेऱ्याला नाही दिसत. सेकंदाला २५ फ्रेम घेताना शटर १/५० सेकंदाच्या आसपास ठेवावं लागतंय, म्हणजे उजेड कमी पडला की आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड पकडायची ताकद) वाढवणं आलं, आणि साध्या किट लेन्सवर तो वाढवला की काळ्या भागात नुसत्या मुंग्या, म्हणजे दाणेदार ठिपके. मग लाईट लावा, मग कुणाच्या तरी घरून वायर ओढा नाहीतर जनरेटर आणा, मग जनरेटरचा आवाज. माळवदात उलटं आहे. मातीच्या जाड भिंती, खिडक्या बारक्या, दोन घोंगड्या टांगल्या की दुपारी १२ ला अंधार. आणि छतात सानं असेल, म्हणजे उजेडासाठी ठेवलेलं भोक, तर सोनंच, खाली थोडा उद जाळला की उन्हाची सरळ तिरीप दिसती, हा लाईट भाड्यानं आणायचा म्हणलं तर बजेट कोलमडेल. एकच अडचण, तिरीप सरकत जाती. त्यामुळं वाईड शॉट आधी, क्लोजअप नंतर टॉर्च लावून. स्वस्तातला एलईडी बल्ब लावला तर शटर १/६० वर नेऊ नका, आपली वीज ५० हर्ट्झची, फ्लिकर येतोय, म्हणजे चित्र लुकलुकतंय.

आवाजात तर गढी सरळ हरती. रातकिडे प्रत्येक टेकला वेगळे ओरडतात, एडिटला कट मारला की आवाज उडी मारतो. शेतीची लाईट रात्रपाळीला असली की मोटारी चालू, माणसं बॅटऱ्या घेऊन पाणी द्यायला, आणि ऊसतोडीचा सीझन असेल तर ट्रॅक्टर गाणी लावून जाणार म्हणजे जाणारच. कार्तिकात पहाटे काकडा. माळवदात माती घुमणं खाती, डायलॉग स्वच्छ येतात, पण दिवसा कोंबड्या, पोरं आणि पिठाची गिरणी आहे, गिरणीवाल्याला आधी भेटून ठेवा. छत खाली असतंय, बूम, म्हणजे काठीवरचा माईक, फ्रेममधी येतोय, कॉलर माईक बरा.

पण खरा मुद्दा डिरेक्शनचा. भीती येती ती थांबण्यातून, कोण आधी बघतंय, किती वेळ बघतंय, मान वळवायच्या आधी श्वास घेतंय का. हे पाच-सहा टेक करून सापडतंय. रात्री दीड वाजता ॲक्टरला झोप आलेली, हिरोईनच्या घरून फोनवर फोन, अर्धं गाव बघायला जमलेलं, आणि डिरेक्टर स्वतःच लाईट धरून उभा. तिथं तुम्ही डिरेक्टर नसता, मुकादम असता. घरात दार लावलं की शांतपणे ॲक्टरशी बोलता येतंय.

परमिशन दोन्हीकडं लागतीच. गढीला मालक असतोय, बऱ्याचदा वारस चार ठिकाणी, शिवाय पोलीस पाटलाच्या कानावर घाला. भिंती ढासळलेल्या, त्यात साप-विंचू, पावसाळ्यात तर नकोच. लिंबू, बाहुली, कुंकू असलं प्रॉप वापरलं तर एकूण एक उचलून आणा, सकाळी कुणाला सापडलं तर गावात भलतीच चर्चा. २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे, नसता संशय ओढवून घेऊ नका. आणि देवगिरी किल्ल्यातली अंधारी, म्हणजे तिथला काळोखा भुयारी रस्ता, डोक्यात असेल तर सोडा, तो पुरातत्त्व खात्याचा किल्ला, शूटिंगची परवानगी वेगळी आणि संध्याकाळी बंद.

गढी जिंकती ती बाहेरच्या एका वाईड शॉटला. त्यासाठी रात्र नको. सूर्य बुडाला की वीस-पंचवीस मिनिटं आभाळ निळं असतंय, कॅमेऱ्याचा व्हाईट बॅलन्स (रंगाची सेटिंग) ३२०० केल्विनवर, एका कोनाड्यात कंदील पेटता, झालं. फ्रेम दुपारीच ठरवून ट्रायपॉड लावून ठेवा, त्या वेळात भांडायला जागा नाही.

आता तुमची स्टोरीच सगळी शेतात, विहिरीवर घडत असेल तर माळवद कामाचं नाही हे खरंय. तरी रात्रीचं शूट टाळता येतंय, दिवसाच रात्र दाखवा, ऊन ॲक्टरच्या पाठीमागून घ्या, आभाळ फ्रेममधी येऊ देऊ नका, दोन स्टॉप अंडर ठेवा, म्हणजे चित्र मुद्दाम काळपट घ्या. जवळच्या शॉटला खपतंय, लांबच्या शॉटला पकडलं जातंय.

घर बघायला जाताना तुळया बघा, वाळवी लागलेली असती. सानं झाकायला वर चार जण चढवू नका, आणि देवघराची खोली दाखवायची का नाही ते घरातल्या आजीला कॅमेरा काढायच्या आधी विचारा.