ट्रेलसाठी वर्गणी भरावी की फावडं धरावं?

माउंटन बाइकच्या वाटा खुल्या राहाव्यात म्हणून हातभार लावायचा, तर दोन मार्ग आहेत. इम्बा (इंटरनॅशनल माउंटन बायसिकलिंग असोसिएशन) सारख्या मोठ्या संघटनेची वार्षिक वर्गणी भरायची, नाहीतर जवळच्या ट्रेल गटाच्या श्रमदानाला जायचं. दोन्हीची गरज आहे, पण एकच जमणार असेल तर काय निवडावं?

वर्गणीची बाजू भक्कम आहे. वाटेला परवानगी मागितली की जमीनमालक पहिल्यांदा विचारतो, कुणी पडलं तर जबाबदार कोण? विमा, लेखी करार, सरकारी बैठका ही कामं चार उत्साही रायडरांना झेपत नाहीत. वाट आखण्याचं शास्त्रही अशाच संघटनांनी सगळीकडे पोचवलं. १९८८ साली सुरू झालेल्या इम्बाचा अर्ध्याचा नियम आज बहुतेक गट पाळतात: वाटेचा चढ डोंगरउताराच्या निम्म्याहून जास्त नको. उतार १६ टक्के असेल तर वाट फार तर ८ टक्के.

खटकतं ते एवढंच, की पैसा पाण्याच्या वेळेवर पोचत नाही.

वाट बाहेरच्या, म्हणजे उताराकडच्या, कडेकडे साधारण ५ टक्के कललेली लागते, म्हणजे ६० सेंटिमीटर रुंदीला ३ सेंटिमीटर. चाकांनी माती कडेला सरकते आणि तिथे छोटा बांध तयार होतो. मग पाणी आडवं निघून जायच्या ऐवजी वाटेवरूनच धावतं आणि घळ पाडतं. रायडर घळ टाळून बाजूने जातात, एका वाटेच्या तीन होतात, झुडपं तुडवली जातात. माझ्या पाहण्यात जमीनमालकाचं मन फिरतं ते बहुतेकदा इथेच. अपघाताची भीती त्या मानाने मागे पडते.

हा बांध वेळीच काढायला फावडं, दाताळं आणि थोडा वेळ पुरतो. माती ओलसर असावी. चिखलात खणलं तर वाट दबते आणि कोरड्यात मोकळी केलेली माती बसत नाही. कडेचा बांध कापा, निघालेला पालापाचोळा आणि भुसभुशीत माती वाटेत न भरता खालच्या अंगाला लांब पसरा. पाणी साचतंच असेल तिथे सुमारे ३ मीटर लांबीचा अर्धगोल उथळ काप घ्या, मधोमध उतार १५ टक्क्यांपर्यंत. अरुंद चर मात्र नको, तो पहिल्याच पावसात गाळाने बुजतो. शेवटी बाटलीभर पाणी ओतून बघा. ते वाटेवर न रेंगाळता कडेवरून खाली गेलं पाहिजे. याच कामाला निधी मागितला, तर अर्ज, मंजुरी आणि ठेकेदार होईपर्यंत पावसाळा निघून जातो आणि घळ भरायला मातीसुद्धा बाहेरून आणावी लागते.

गटातही अडचणी असतात. तीच ती माणसं राबतात आणि थकतात. परवानगीशिवाय खणणारा गट तर वाट वाचवण्याऐवजी घालवतो. म्हणून जाण्याआधी लेखी परवानगी आहे का, हे विचारा. तारीख, जागा, माणसं आणि तास यांची नोंदवही ठेवणारा गट मिळाला तर उत्तम. पुढच्या बोलणीत जमीनमालकासमोर हीच वही ठेवता येते.

पाठीच्या दुखण्यामुळे किंवा अंतरामुळे जाणं शक्यच नसेल, तर वर्गणी जरूर भरा. पण त्यातही काही भाग स्थानिक गटाला द्या, आणि तो अवजारं, हातमोजे व प्रथमोपचार पेटीसाठी आहे असं सांगून द्या.