मलाण्याचं म्हणून विकलेलं बी

जर्मनीत राहणाऱ्या मराठी मंडळींसाठी हे लिहितो आहे. १ एप्रिल २०२४पासून इथे प्रौढ माणसाला राहत्या घरात, स्वतःपुरती गांजाची तीन झाडं लावायला कायद्याने मुभा आहे. तेव्हापासून आपल्यातलेही काही जण बी शोधू लागले आहेत, आणि त्यांना गाठणारेही आपल्यातलेच निघाले आहेत. मी त्यांतल्या एकाच्या हाती सापडलो. माझे एकूण तीनशे युरो गेले, आणि दोन महिने धड झोप नव्हती.

२०११ साली मी कुल्लूला गेलो होतो. गांजासाठी प्रसिद्ध असलेलं मलाणा गाव ज्या भागात आहे, त्या पार्वती नदीच्या खोऱ्यात रस्त्याच्या कडेला गांजाची पुरुषभर उंचीची झाडं आपोआप वाढलेली पाहिली होती. तो वास इतक्या वर्षांत विसरलो नव्हतो. म्हणून भारतीयांच्या एका टेलिग्राम गटात ‘मलाण्याचं अस्सल गावठी बी, रेग्युलर, दहा बिया १२० युरो’ असा मजकूर वाचला तेव्हा मी लगेच उत्तर दिलं. समोरचा माणूस गोड हिंदी बोलायचा. मूळचा हिमाचलचा आहे, माल हॉलंडमध्ये ठेवलेला असतो, असं त्याने सांगितलं. डोंगरउतारावरच्या शेतांचा एक व्हिडिओही पाठवला.

रेग्युलर म्हणजे काय ते आधी सांगतो, कारण सगळी फसवणूक त्याच शब्दावर उभी होती. नर झाडाचा पराग मादी झाडावर पडून जे बी तयार होतं ते रेग्युलर. ते पेरलं की साधारण निम्मी झाडं नर निघतात, निम्मी मादी. पपईचं जसं असतं तसंच. याउलट फेमिनाइज्ड बी मुद्दाम घडवलेलं असतं. मादी झाडावर चांदीयुक्त द्रावण फवारून त्याला परागाची फुलं आणवतात आणि त्या परागातून जवळजवळ सगळी झाडं मादी येतात. डोंगरातला शेतकरी असलं काही करत नाही. तेव्हा खरं गावठी बी रेग्युलरच असणार. विक्रेत्याने मला नेमकं हेच समजावलं, आणि ते खरंच आहे. त्याची निम्मी वाक्यं खरी असायची, त्यामुळे उरलेल्यांवर शंका घ्यावी असं मला वाटलंच नाही.

रेग्युलर बी सांभाळणं सोपं नाही, हेही जाता जाता सांगतो. एक नर नजरेतून सुटला तरी सगळ्या माद्या बियांनी भरतात. १८९३-९४ साली इंग्रज सरकारने नेमलेल्या आयोगाच्या अहवालात, आजच्या बांगलादेशातल्या नौगावच्या गांजाच्या शेतांचं वर्णन आहे. नर झाडं ओळखून उपटायला तिथे खास जाणकार बोलावत, त्याला पोद्दार किंवा परखदार म्हणत. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या गांजा पिकवणाऱ्या शेतकऱ्यालाही हे काम दुसऱ्या पारखी माणसाकडून करून घ्यावं लागे. मी तर पहिल्यांदाच लावत होतो.

पैसे त्याने मित्र-नातेवाइकांना पाठवायच्या पर्यायातून मागितले. ‘कमिशन वाचतं’ म्हणाला. त्या पर्यायात खरेदीदाराला कसलंही संरक्षण नसतं, हे मला पैसे गेल्यावर कळलं. ‘पुण्यात भाऊ आहे म्हणालात ना, त्यालाही पाठवू का?’ असंही त्याने विचारलं. मी स्पष्ट नाही म्हटलं, आणि तुम्हालाही कोणी विचारलं तर तेच म्हणा. भारतात १९८५च्या अमली पदार्थ कायद्याच्या कलम २०नुसार या झाडाच्या बेकायदा लागवडीला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. हौसेपायी कुणी घरच्या माणसाला त्यात ढकलू नये.

आठवड्याने पाकीट आलं. लाखेने बंद केलेली काचेची छोटी कुपी, त्यावर हाताने लिहिलेली चिठ्ठी. बरोबर निरोप: ‘बी जुनं आहे, निम्मंच उगवेल, दहाच्या दहा एकदम भिजवा.’ मी भिजवलं. नऊ उगवलं. त्यातली जोमदार तीन ठेवून बाकीची टाकून दिली. आज मागे पाहताना वाटतं की सगळ्यात हुशारीचा डाव हाच होता. हातात नमुन्याला एकही बी उरलं नाही. कुपीही मी काचेच्या कचऱ्यात टाकली.

झाडं कोठीच्या खोलीत तंबू लावून वाढवली. मुलगी सहा वर्षांची आहे, त्यामुळे दाराला कुलूप. लहान मुलांचा हात पोचणार नाही अशी व्यवस्था कायद्यानेही बंधनकारक आहे. दिवा अठरा तास चालू, सहा तास बंद. एवढा उजेड असेपर्यंत झाड नुसतं वाढतं. फुलोऱ्यावर आणायचं तर उजेड बारा तासांवर आणावा लागतो, कारण हिमालयातली जात दिवस लहान व्हायला लागले की फुलते. कुल्लूकडे पीक शरदात येतं ते त्यामुळेच.

माझी झाडं मात्र चौथ्या आठवड्यातच, अठरा तासांच्या उजेडात, शेंड्याला पांढऱ्या केसरांचे झुबके धरून बसली. उंची जेमतेम गुडघ्याएवढी. इथे एक फरक नीट समजून घ्या. झाड वयात आलं की पेरापाशी एखाददुसरं फूल भरपूर उजेडातही दिसतं, नर-मादी ओळखतात ते त्यावरूनच. पण शेंड्यावर गच्च फुलोरा येणं वेगळं. मी विक्रेत्याला फोटो पाठवला. ‘पहाडी जात आहे, लवकर येते. नशीबवान आहात, तिन्ही माद्या!’ असं उत्तर आलं.

लाइपझिगमध्ये आमचा भाड्याचा बागेचा तुकडा आहे. तिथल्या शेजारी आजी आयुष्यभर रोपवाटिकेत काम केलेल्या. त्यांना फोनवरचा फोटो दाखवला, तर त्यांनी एवढंच विचारलं, ‘उजेड किती तास?’ मी अठरा म्हटलं. त्यांनी मान हलवली. हे ऑटोफ्लॉवर आहे, म्हणाल्या. रुडेरालिस नावाच्या उत्तरेकडच्या रानटी जातीशी संकर करून काढलेलं, दिवस लहान-मोठा असो, वय झालं की फुलणारं. मलाण्याच्या जुन्या बियाला तो गुण असायचं कारण नाही. आणि रेग्युलर बियांतून तिन्ही माद्या येण्याची शक्यता आठात एक. दोन्ही गोष्टी एकत्र घेतल्या तर चित्र स्पष्ट होतं: दुकानात सुटं मिळणारं साधं फेमिनाइज्ड ऑटो बी लाखबंद कुपीत भरून मला गावठी म्हणून विकलं होतं.

मी पैसे परत मागितले. त्यावर आलेलं उत्तर अजून जसंच्या तसं आठवतं. ‘तुझं पार्सल युरोपबाहेरून आलं आहे. कागद माझ्याकडे आहेत. कस्टमला नाव-पत्ता देऊ का? व्हिसा जाईल.’ युरोपीय संघाच्या देशांतून स्वतःच्या लागवडीसाठी बी मागवायला परवानगी आहे, संघाबाहेरून नाही, हे मला माहीत होतं. नेमका त्याच महिन्यात आमच्या राहण्याच्या परवान्याच्या नूतनीकरणाचा अर्ज गेलेला. मी १८० युरो भरले. बायकोला सांगितलं नाही. बारा दिवसांनी त्याने आणखी ४०० मागितले.

तेव्हा मात्र मी तिला सगळं सांगून टाकलं. ती रागावली, पण आधी तिने एकच प्रश्न केला: ‘पाकिटावर तिकीट कुठलं होतं?’ कुपीचं कौतुक म्हणून मी एका मित्राला पाकिटासकट फोटो पाठवला होता. तो मोठा करून पाहिला. तिकीट जर्मन, शिक्का जर्मन. हॉलंडहूनसुद्धा नाही, पाकीट याच देशातून टाकलेलं होतं. ज्या भीतीपोटी मी १८० युरो दिले तिला आधारच नव्हता.

दुसऱ्या दिवशी पोलिसांत तक्रार केली. तो फोटो, सगळे निरोप, दोन्ही व्यवहारांचे क्रमांक जोडले. खंडणीची तक्रार आहे म्हटल्यावर तिथल्या बाईंनी शांतपणे सगळं लिहून घेतलं, माझ्या तीन झाडांबद्दल एक शब्दही काढला नाही. पैसे अजून आलेले नाहीत. टेलिग्रामवरचं त्याचं खातं तक्रारीच्या आधीच नाहीसं झालं होतं. कुणी तुम्हाला अशी धमकी देत असेल तर पहिलाच हप्ता भरू नका, आणि निरोप पुसू नका. आजच घरच्यांना सांगा.

माझे वडील वाशीम जिल्ह्यात सोयाबीन पेरतात. २०२०च्या खरिपात विदर्भ-मराठवाड्यात सोयाबीन उगवलंच नाही म्हणून तक्रारींचा ढीग लागला होता, त्यात आमचंही दोन एकर होतं. पंचनाम्याला आलेल्यांनी पिशवी, टॅग, पावती आणि मूठभर बी मागितलं. बाबांकडे चारही होतं. कृषी खातं दर हंगामाआधी हेच सांगतं, आणि मी ते लहानपणापासून ऐकत आलो आहे.

परवा फोनवर त्यांना सगळं सांगितलं. कशाचं बी तेही सांगितलं. ते थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘पिशवी ठेवली होती का?’

‘नाही, बाबा.’

‘मूठभर बी?’

‘नाही. पाकिटाचा फोटो होता फक्त.’

‘तोच कामी आला मंग,’ ते म्हणाले, आणि यंदाच्या पेरणीचं सांगू लागले. पिशवी टॅगसकट कोठीत खिळ्याला टांगली आहे. पीक घरात येईपर्यंत तिला कुणी हात लावायचा नाही, असं आईलाही बजावून ठेवलं आहे.