घोडबंदरची नर्सरी: पाम म्हणून घेतला, निघाला लव्हाळ्याचा चुलतभाऊ

तीन स्टार देतेय, त्यातला एक फक्त तिथल्या माळीकाकांचा.

घोडबंदर रोडवरची नर्सरी आहे, नाव लिहीत नाही कारण परत तिथेच जायचंय. बाल्कनीत जुना टब रिकामा होता, म्हटलं पाण्यातली झाडं लावू. काउंटरवरच्या मुलाने 'अंब्रेला पाम' दिला, १८० रुपये, वर सांगितलं मॅडम दिवसाआड पाणी, जास्त नको, मुळं सडतील. मी शहाण्यासारखं ऐकलं. पंधरा दिवसांत छत्र्यांची टोकं तपकिरी झाली आणि मग एकेक दांडा मान टाकायला लागला. परत गेले तर माळीकाका हसायलाच लागले, अहो ताई पाम कसला हा, ह्याला चोवीस तास पाण्यात पाय लागतात, कुंडी उचला आणि सरळ टबात ठेवा. ठेवली. तिसऱ्या आठवड्यात बुडातून हिरवे कोंब! नावाचाच पाम, हा सायपेरस, आपल्या लव्हाळ्याच्या खानदानातला, मूळ गाव आफ्रिका. काकांनी अजून एक सांगितलं, छत्री चार बोटं दांड्यासकट कापायची आणि पाण्यात उलटी बुडवायची, मधल्या गाठीतून मुळं फुटतात. केलं, फुटली, आता शेजारच्या काकूंकडे पण दोन आहेत.

खरी गंमत कुंडीसोबत फुकट आली. मातीतून बारीक गवत उगवलं, मी उपटत होते तर आई म्हणाली थांब, दांडा चिमटीत फिरव बघू. फिरवला तर तीन कडा लागल्या बोटाला. गवताचा दांडा गोल असतो, पेरं असतात, ह्याला पेर नाही आणि हा तिकोनी. खाली काळपट गाठ होती, ती तिने नखाने फोडून माझ्या नाकाशी धरली आणि एकदम दिवाळीची पहाट, उटण्याचा वास! नागरमोथा. हाही सायपेरसच, म्हणजे १८० रुपयांत दोन भाऊ मिळाले म्हणायचं. पण एक गाठ जरी मातीत राहिली तरी परत येतो मेला, चार वेळा उपटलाय.

आता राग. एप्रिलमध्ये त्याच मुलाने 'स्पायरल ग्रास' गळ्यात मारलं, ४५० ला, स्प्रिंगसारखे पिळदार दांडे, दिसायला लय भारी. गवतही नाही ते, जंकस नावाचं वेगळंच पाणथळीतलं झाड, थंड हवेतलं. पाण्यात ठेवूनही आमच्या पश्चिमेच्या बाल्कनीत मे महिन्यात वाळून काथ्या झाला. विकताना एक शब्द सांगायला काय जात होतं? पैसे परत मागितले तर म्हणे झाडाची गॅरंटी नसते.

पपायरस मात्र मस्त, २५० ला, इजिप्तवाले ज्याच्या गाभ्याच्या पट्ट्यांपासून लिहायचे कागद करायचे तोच, पेपर शब्द तिथूनच आलाय. जंगलात माणसापेक्षा उंच जातो, माझा कमरेपर्यंत. टबात गप्पी मासे सोडलेत, डासांचं टेन्शन नाही. यूपीआय चालतं, पार्किंग रविवारी विसरा.

गेल्या वेळी पाणकणीस मागितलं तर काकांनी दिलंच नाही. म्हणाले, ताई नाल्याकडेला फुकट उभं असतं ते, आणि टबात लावलं तर बाकीच्यांना घराबाहेर काढेल.