कथा पैसे वसूल, पण नकाशा कुठाय? कोलोआनेचं 'तिएर्रा देल फुएगो', काही महिने वापरल्यावर

परवा पुस्तकाच्या बाइंडिंगनं मान टाकली, म्हणून हे लिहायला बसलोय. चिलीचा लेखक फ्रान्सिस्को कोलोआने याच्या, दक्षिण अमेरिकेच्या पार टोकाच्या तिएर्रा देल फुएगो बेटांवरच्या कथांचं इंग्रजी भाषांतर, सेकंडहँड, ऑनलाइन मागवलेलं. वर्णनात 'व्हेरी गुड कंडिशन' होतं. पावसाळ्यात डिंक सुटला आणि मधला अख्खा फर्मा हातात आला. बाइंडिंगचं एक वेळ सोडा, ते अप्पा बळवंत चौकात शिवून मिळतं. माझं भांडण नकाशाचं आहे.

माझ्या प्रतीत नकाशा नाही. सुरुवातीला पान फाडल्याची बारीक कड दिसते. मुळात नकाशा होता आणि आधीच्या मालकानं तोच नेमका काढून घेतला, की ते कोरंच पान होतं, एवढंच विक्रेत्याला विचारलं. उत्तर आलं, 'परत करण्याची मुदत संपली आहे.' अरे, परत कोण करतंय?

आता कोणी म्हणेल, गोष्टी वाचायला नकाशा कशाला? शीर्षककथाच घ्या. पॉपरच्या माणसांकडून मार खाल्लेले घोडेस्वार पळतायत. ज्युलियस पॉपर हा खराखुरा माणूस, बुखारेस्टचा इंजिनिअर. 1886 मध्ये सोन्याच्या शोधात तिएर्रा देल फुएगोला पोचला. एल पारामोच्या किनाऱ्यावर वाळू धुऊन सोनं काढायचा कारखाना टाकला, खाजगी फौज ठेवली, स्वतःची नाणी आणि टपाल तिकिटंसुद्धा काढली. माणसं कमी पडली तेव्हा घोड्यांवर पुतळे बांधून फौज मोठी भासवली, असं सांगतात. हे सगळं भन्नाट आहे. पण एल पारामो म्हणजे अटलांटिकमध्ये घुसलेली वाळूची चिंचोळी पट्टी, हे डोळ्यांना दिसल्याशिवाय तिथून पळणं म्हणजे काय ते कळतच नाही. तीन बाजूंना पाणी, चौथीकडे उघडा माळ, आडोशाला झाड नाही. मी पहिल्यांदा वाचली तेव्हा 'घोडे पळाले, वारा आला, घोडे पळाले' एवढंच हाती लागलं आणि मनातल्या मनात अडीच स्टार देऊन मोकळा झालो.

मग वैतागून झेरॉक्सवाल्याकडून ए-थ्री कागदावर नकाशाची रंगीत प्रिंट काढली. (ती प्रत्येक खरेदीदाराला विक्रेत्यानं फुकट द्यायला हवी.) वर मॅगेलनची सामुद्रधुनी, खाली बीगल खाडी, मधलं मुख्य बेट केरळपेक्षा मोठं आणि 1881 च्या तहानं चिली-अर्जेंटिना यांच्यात पट्टी ठेवून उभं कापलेलं. त्याच्याही खाली, 56 अंश दक्षिणेला टेकलेलं केप हॉर्न. ही प्रिंट शेजारी ठेवून पुन्हा पहिल्यापासून वाचलं आणि मत बदललं. या कथांमधला खरा खलनायक म्हणजे अंतर. माणूस माणसाला क्वचितच मारतो. पुढचा गोठा किती लांब आहे, भरती कधी येणार, घोडा तग धरेल का, यावर जीव टांगलेला असतो. पान-पान चालणारी वर्णनं मला आधी पाल्हाळ वाटली होती. कागदावर बोट ठेवून वाचलं की त्यांचाच ताण येतो.

'रुम्बो आ पुएर्तो एदेन' (म्हणजे 'पुएर्तो एदेनच्या दिशेनं') या कथेचंही तेच. पुएर्तो एदेन हे गाव चिलीच्या वेलिंग्टन बेटावर, जायला फक्त बोट. उत्तरेकडून यायचं तर आधी गोल्फो दे पेनासचा उघडा समुद्र, मग अरुंद खाड्यांची रांग. नकाशाशिवाय नुसती नावांची जंत्री.

उसाच्या दारूच्या बाटलीची कथा मात्र नकाशाशिवायही चालते. बर्फानं पांढरा झालेला माळ, दोन अनोळखी घोडेस्वार, एक बाटली, आणि एकाच्या डोक्यात जुनं पाप. बस. शेवट सांगत नाही. माझ्या मते संग्रहातली सगळ्यात बांधीव कथा हीच.

चिलीच्या चिलोए बेटावरच्या ओतेय नावाच्या माणसाची कथा 1921 च्या, अर्जेंटिनाच्या सांता क्रुस प्रांतातल्या संपावर आहे. त्या संपात लष्करानं मेंढपाळ मजुरांना गोळ्या घातल्या होत्या. चिलोएचे लोक दरवर्षी लोकर कातरायला दक्षिणेत जायचे, आपल्याकडे मराठवाड्यातले लोक ऊसतोडीला जातात तसे. कोलोआने स्वतः चिलोएतल्या केमचीचा, 1910 चा जन्म, बाप व्हेलशिकारी जहाजावर कप्तान. पोरवयात त्यानं मेंढ्यांच्या इस्टेटीवर नोकरी केली होती. त्यामुळे खोगीर कसं ओलं होतं, कुत्रा कधी घाबरतो, हे तो ऐकीव लिहीत नाही. पुढे 1964 मध्ये चिलीचा राष्ट्रीय साहित्य पुरस्कार मिळाला.

एक स्टार कापतोय तो दोन कारणांसाठी. बायका जवळजवळ नाहीतच. आणि ज्या सेल्कनाम लोकांची ती जमीन, ज्यांना मेंढीवाल्यांच्या टोळ्यांनी वेचून मारलं, त्यांच्यापाशी लेखक हवा तेवढा थांबत नाही. पॉपरच्या मोहिमेचे फोटो आजही बघायला मिळतात. मेलेला सेल्कनाम माणूस जमिनीवर, शेजारी बंदुका रोखलेली माणसं. ते फोटो पाहून कथा वाचली की पॉपरच्या तिकिटांची गंमत वाटेनाशी होते.

एकूण चार स्टार. विक्रेत्याला एक, तोही पुठ्ठ्यात नीट गुंडाळून पाठवलं म्हणून. कोलोआनेचा 1941 चा पहिला संग्रह, 'काबो दे ओर्नोस' (म्हणजे केप हॉर्न), आता हवाय. कोणाकडे असेल तर कळवा, पण आधी पहिल्या दोन पानांचा फोटो पाठवा.